आधी वाचून दाखवायचं

साल १९९७. फेब्रुवारी सरत आला होता. उसाच्या गाड्या अजून रस्त्यानं चाललेल्या होत्या आणि बारामती तालुक्यातल्या काही गावांत ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या होत्या. त्या शुक्रवारी सकाळी बारामतीत, भिगवण रोडच्या एका फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, ताईबाई सुनेबरोबर मेथी निवडायला बसल्या होत्या. मोनालीनं, म्हणजे सुनेनं, फरशीवर कालचं वर्तमानपत्र पसरलं आणि त्यावर जुडी सोडली. ताईबाई पानं खुडत होत्या, काड्या एका बाजूला टाकत होत्या. एक झुपका उचलला तर खालून चार अक्षरं वर आली. पाणवठा. ‘ठा’ची वाटी जरा जास्त गोल, ‘पा’चा काना खाली किंचित वळलेला. नानांनी, ताईबाईंच्या नवऱ्यानं, बोरूनं काढून, पुण्याहून छपाईचा ब्लॉक करून आणलेलं हे नाव. तीस वर्षं ते त्यांच्या साप्ताहिकाच्या माथ्यावर होतं, आणि आता दशदिशा ह्या मुंबईच्या वृत्तसमूहाच्या दैनिकाच्या पोटातल्या गुरुवारच्या चार पानांवर होतं. त्यात नवं काहीच नव्हतं. धक्का बसला तो नावाच्या खालच्या बातमीनं. ‘सरपंचबाईंच्या दारात नळ, उंबरवाडी मात्र तहानलेली’. ताईबाईंनी मातीचे कण झटकून ती वाचली आणि सवयीनं नजर खाली नेली. खाली त्याच समूहाच्या टीव्ही वाहिनीची जाहिरात होती. उत्तर नव्हतं. त्यांच्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली.

“आत्या, काय झालं? किडकी आहे का?” मोनालीनं विचारलं.

“न्हाय गं. भाजी चांगली हाय.”

पण त्या पुढं काही खुडेनात. पाणवठ्यातली बातमी, आणि खाली उत्तर नाही. ह्याचा अर्थ काय होतो ते भिगवण रोडवर कुणाला ठाऊक नव्हतं. उंबरवाडीत पोराटोरांना ठाऊक होतं. नानांनी साप्ताहिक काढलं तेव्हाच एक नियम घातला होता. ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला छापायच्या आधी ते वाचून दाखवायचं. तो जे म्हणेल ते त्याच बातमीखाली, त्याच अक्षरात, त्याच्याच बोलीत छापायचं. शिव्या गाळायच्या, बाकी एक शब्द गाळायचा नाही. आणि ऐकूनही कुणी काहीच बोलायचं नाही म्हणाला, तर खाली दोन बोटं जागा कोरी सोडायची. गुरुवारी इंदापूरच्या बाजारात, चहाच्या टपरीवर, एसटीत लोक पेपर उघडत ते आधी ती दोन बोटं बघत. बातमी खोटी असू शकते, माणसाच्या तोंडाला आलेलं उत्तरही खोटं असू शकतं, पण कोरी जागा म्हणजे आता बोलायला तोंड उरलं नाही, असं सगळा मुलूख धरून चालायचा. एकदा एका सोसायटीच्या चेअरमनला त्या कोऱ्या जागेनं गाव सोडायला लावलं होतं. नानांना त्याचं वाईट वाटलं होतं. “त्याला म्हणालो होतो, काहीतरी बोल बाबा,” असं ते कितीतरी दिवस म्हणत राहिले.

हा नियम नानांना कुठून सुचला, हे त्यांनी एकदाच सांगितलं होतं, इंदापुरात कचेरीमागच्या गल्लीतल्या त्यांच्या एका खोलीच्या छापखान्यात, ट्रेडल मशीनला तेल घालताना. “आपल्या लोकांबद्दल ह्या जगानं लई लिहून ठिवलंय. कसं ऱ्हावं, कुठं ऱ्हावं, कुठलं पाणी प्यावं. कुणी आपल्याला आधी वाचून दाखीवलं व्हतं का? इचारलं व्हतं का, तुमचं काय म्हननं हाय?” त्यांनी तेलाची नळी खाली ठेवली. “मग आपन तसं करायचं न्हाय.” छप्पन्न साली दीक्षा घेऊन वडलांबरोबर परतलेला तो पोर तेव्हा पंचविशीत होता, आणि त्याच्या बायकोला लिहिता-वाचता येत नव्हतं. ताईबाई अक्षरं शिकल्या त्या छपाईच्या खिळ्यांवरनं, शिशाच्या, उलट्या. त्यामुळं पहिलं वर्षभर त्यांना आरशातलं मराठी वाचता यायचं आणि पाटीवरचं येत नसे. नाना हसून हसून बेजार. “माझी बायको जगाला उलटं वाचती,” असं आल्यागेल्याला सांगत. मग एक दिवस त्यांनी ओल्या शाईचं प्रूफ हातात दिलं आणि म्हणाले, वाच. त्या वाचत गेल्या, अडखळल्या, पुन्हा वाचत गेल्या. ऐकून नानांनी प्रूफ परत घेतलं. मग म्हणाले, वाचून दाखवायला आता तूच जात जा. मी गेलो तर मानसं माझ्या तोंडाकडं बघत्यात, बाई गेली तर ऐकून घेतील. आणि वाचताना आवाज सपाट ठेव. तुझं मत तुझ्या आवाजातनं ऐकू आलं न्हाय पाहिजे.

त्यांचं पहिलं वाचन झालं ते उंबरवाडीतच, कोऱ्हाळे बुद्रुकच्या पुढं, कालव्यापलीकडं, धोंडाबाईच्या अंगणात. कालव्याच्या पाण्याची पाळी मोडून धोंडाबाईच्या नवऱ्यानं आपल्या टोमॅटोला पाणी घेतलं, अशी बातमी होती. नवरा घरी नव्हता. धोंडाबाई तेव्हा ताठ, पदर खोचलेली, हातात शेणाची पाटी. तिनं ताईबाईंना अंगणाच्या कडेला उभं केलं होतं, तुळशीच्याही अलीकडं. तिथूनच त्यांनी ती बातमी वाचली, सपाट आवाजात. संपल्यावर धोंडाबाई म्हणाली, “आनखी येकदा वाच.” पुन्हा वाचली. मग ती पाटी टाकून मटकन बसली. “खरं हाय,” ती म्हणाली. “पर लिव, रोपं मरत व्हती. दोन दिसानं पाळी यायची व्हती, रोपं दोन दीस थांबत न्हाईत.” तसंच छापून आलं. पुढच्या खेपेला धोंडाबाईनं चहा दिला, कोनाड्यात वेगळा ठेवलेल्या, दांडी मोडलेल्या कपातून. ताईबाई तो प्यायल्या आणि त्यांनी कप विसळून पालथा ठेवला. त्यानंतरची कितीतरी वर्षं तो कप हळूहळू आत सरकत गेला. कोनाड्यातून पडवीत, पडवीतून मांडणीच्या खालच्या फळीवर. एका वर्षी त्यांनी बघितलं तर तो कप कुठं दिसेचना, घरातलाच एक कप पुढं आला. कुणी काही बोललं नाही. बोलावं असं ते नव्हतंच.

नाना गेले आणि मागं राहिल्या ताईबाई, एक ट्रेडल मशीन, खिळ्यांच्या खणांची लाकडी मांडणी आणि ते नाव. वर्षभर त्यांनी साप्ताहिक एकटीनं रेटलं. एकदा मशीनमध्ये मनगट सापडलं, तेव्हा बुद्धभूषण, त्यांचा मुलगा, एमआयडीसीतली पाळी टाकून इंदापूरला आला आणि आईचा प्लॅस्टरमधला हात मांडीवर घेऊन दवाखान्याच्या बाकावर बसला. त्याच सुमाराला दशदिशाचे साहेब आले. मुंबईचे, गोरेपान, बोलायला गोड. ह्या समूहाची तीन दैनिकं, एक टीव्ही वाहिनी, निम्म्या शहरांतली केबल, गाण्यांच्या कॅसेटी, असं पुष्कळ काही होतं. साहेबांनी ते घरच्या माणसांची नावं सांगावीत तसं सांगितलं. मशीनभोवती एक चक्कर मारली. “हे भंगारात जाईल,” ते म्हणाले, वाईट वाटेल म्हणून आवाज खाली आणून. “खिळे वितळवता येतील. खोली भाड्याची. खरी किंमत आहे ती ह्या नावाची. इकडं लोक म्हणतात, पाणवठ्यात आलं म्हणजे खरं. आम्ही जाहिराती करकरून दमलो तरी आमच्याबद्दल कुणी असं म्हणत नाही. त्याला आमच्यात गुडविल म्हणतात, आजी. लोकांचा भरवसा. तो आम्ही विकत घेतोय.”

ताईबाईंना ते नीट कळेना. भरवसा म्हणजे त्यांच्या लेखी उन्हात एसटीची वाट बघणं होतं, कुणाच्या दारातलं कुत्रं अंगावर येणं होतं, वाचून झाल्यावर पुढच्या माणसानं पायातली वहाण काढली तरी जागचं न हलणं होतं. हे मोटारीत घालून मुंबईला कसं न्यायचं? पण हात ठणकत होता आणि बुद्धभूषण तोंडाकडं बघत होता. त्यांनी एवढंच विचारलं, “वाचून दाखवायचं चालू ठिवाल का?” साहेब खुलून म्हणाले, “अहो, किती सुंदर पद्धत आहे! चालू म्हणजे काय, चालूच.” ते काही खोटं बोलत नव्हते. त्या घटकेला त्यांनाही तसंच वाटत असावं. व्यवहार झाला आणि ताईबाई मुलाकडं बारामतीला राहायला आल्या. सुरुवातीला ज्ञानेश, कोऱ्हाळ्याचा एक पोरगा, जो दशदिशाच्या कचेरीत बातमीदार म्हणून लागला होता, मोटारसायकलवर जाऊन वाचून दाखवायचा. मग पानांची जुळणी पुण्यात व्हायला लागली. मग बातम्याही काही पुण्यातच लिहून व्हायला लागल्या. हे कधी झालं ते ताईबाईंना कुणी सांगितलं नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, असं आता मेथीच्या ढिगाशी बसून त्यांना वाटत होतं.

त्यांनी वर्तमानपत्राचं ते पान ओढून घेतलं, घडी घातली, पिशवीत ठेवलं आणि मोनालीला म्हणाल्या, “उंबरवाडीला जाऊन येते.” मोनाली चकित झाली. “आत्ता? जेवण?” “पिठलं-भाकरी कुठंबी मिळती.” खाली कोपऱ्यावरच्या फोनच्या बूथमधून त्यांनी ज्ञानेशला फोन लावला. त्यानं उचलला आणि त्यांचा आवाज ऐकून लगेच म्हणाला, “ताई, देवाशपथ, बातमी मी दिली न्हाय. पुण्यावरनं आली. सरपंचबाईंच्या इरोधात उभं ऱ्हायलेल्या महिपतरावांची ठिबकची एजन्सी हाय, तिच्या मोठ्या जाहिराती तिकडं चालल्यात, दिवाळीला आख्खं पान त्यांचं व्हतं. आनि रविवारी मतदान.”

“वाचून दाखीवली का न्हाय?”

“कोन दाखीवनार? पान चार वाजता लागतं. मी म्हनलं त्यांना, खाली उत्तर पाहिजे. ते म्हनले, ज्ञानेश, उत्तर आलं तर पत्रव्यवहारात छापू.”

“कवा?”

“पुढल्या आठवड्यात.” त्यानं आवाज खाली आणला. “मतदान झाल्यावर,” तो म्हणाला.

नीरेकडं जाणाऱ्या गाडीत त्यांना खिडकीची जागा मिळाली. माळेगाव गेलं, पणदरे गेलं. उसाच्या बैलगाड्यांमागं गाडी अडून राहायची, ड्रायव्हर हॉर्न दाबून धरायचा, आणि आत हवेला पाचटाचा आणि डिझेलचा वास. ह्याच रस्त्यानं त्या बुद्धभूषणला घेऊन किती वेळा गेल्या होत्या. तीन-चार वर्षांचा तो, खिडकीत तोंड घालून झोपायचा, आणि कुणाच्या पडवीत आई बातमी वाचत असली की तिच्या पदराचं टोक तोंडात धरून चघळायचा. एकदा एक मालक चिडून ओरडायला लागला तेव्हा पोर रडलं, आणि तोच मालक आत जाऊन गूळ-शेंगदाणे घेऊन आला. शिव्या अर्ध्या राहिल्या, त्या त्यानं नंतर पुऱ्या केल्या. ताईबाईंना हसू आलं. पण साखरबाईला त्या काय सांगणार होत्या? साखरबाई म्हणजे धोंडाबाईची सून, बायकांसाठीच्या राखीव जागेवर सरपंच झालेली, भेंडी-दोडका पिकवणारी, बाजारात हिशेबाला पक्की आणि सभेत उभी राहिली की पदराशी चाळा करणारी. नाव मी विकलंय, त्यातली बातमी माझी न्हाय, असं सांगायचं? ते खरंच होतं. पण त्या बातमीवर अक्षर नानांचं होतं. आणि लोकांनी ती खरी मानली असेल तर ते ह्या दारोदार फिरलेल्या पायांवर विसंबून मानली असणार. मुंबईच्या साहेबांनी विकत घेतलं होतं ते हेच, आणि खर्चायला काढलं होतं तेही हेच. त्यांना एकाएकी आपल्याच पायांची लाज वाटली.

धोंडाबाई पडवीत खाटेवर होती. डोळे गेलेले, अंग मुठीएवढं झालेलं. पावलांचा आवाज ऐकून तिनं मान उचलली.

“उशीर केलास,” ती म्हणाली.

“मावशी, तुमाला कसं कळलं, मी हाय?”

“डावा पाय फरफटतो तुझा. पयल्यापासनं.” तिनं हात पुढं केला आणि ताईबाईंचं मनगट चाचपडून धरलं, मोडून जुळलेलं मनगट. “काल छापून आलं म्हनं, आनि बुधवारी तू वाचाय आली नव्हतीस. मला वाटलं गाडी चुकली. तरी म्हनलं, पाणवठा हाय, म्हंजी ताईबाई यनार, वाचनार. त्याबिगर व्हत न्हाय. सुनंला म्हनलं, तंवर गावात येक शबूद बोलायचा न्हाय. ती यील, तिला सांगायचं. मंग छापून यील, समद्यांला कळंल.”

साखरबाई दारात उभी होती. रडून रडून चेहरा सुजलेला, आणि तरी हातात पाण्याचा तांब्या. “काल सकाळपासनं गप हाय मी, ताई,” ती म्हणाली. “महिपतरावांची मानसं दारावरनं जात्यात, हसत्यात. म्हनत्यात, उत्तर कुठाय? आमच्या आतेबाईंनी मला बोलू दिलं न्हाय. म्हनत्यात, पाणवठ्याची रीत मोडायची न्हाय. आनि आता समदं गाव म्हनतंय, बाई गप बसली, म्हंजी खरंच हाय.”

ताईबाई खाटेच्या कडेला बसल्या. हे त्यांना बारामतीत सुचलंच नव्हतं. बातमी खोटी आहे एवढंच वाटलं होतं. माणसं दोन दिवस तोंड मिटून त्यांची वाट बघत बसतील, असं वाटलं नव्हतं. नव्वदीची म्हातारी आपल्या सुनेच्या तोंडावर हात ठेवून बसली होती, त्यांच्या भरवशावर. त्यांनी पाण्याचा घोट घेतला. मग सांगितलं. पेपर विकलाय, वाचाय आता कुणी येत न्हाय, आनि उत्तर निवडणुकीआधी छापून येनार न्हाय. म्हातारी ऐकत होती. तिचे आंधळे डोळे पत्र्याकडं लागले होते.

“इकला?” ती म्हणाली. “मंग नाव कशाला दिलं?”

ताईबाईंनी पिशवीतून पेपरची घडी काढली आणि मांडीवर ठेवली. अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. पलीकडच्या वस्तीवरून कुणाच्या तरी टीव्हीचा आवाज येत होता, दिवसाढवळ्या, बायका गाणं म्हणत असल्याचा. शेवटी म्हातारीनंच त्यांच्या मनगटावर थोपटलं, लेकराला थोपटावं तसं. “असू दे. तुजा हात मोडला व्हता. आता आलीस न्हवं? वाच.”

आणि ताईबाईंनी वाचलं. आवाज सपाट ठेवून, जसं छापलं होतं तसं, एकही शब्द खाली न पाडता. नळपाणी योजनेची वाहिनी प्रथम सरपंचांच्या वस्तीवर नेण्यात आली, ग्रामस्थांत संताप आहे, सदर प्रकाराची चौकशी व्हावी. वाचून झाल्यावर साखरबाईनं डोळे पुसले आणि ती बोलायला लागली. सुरुवातीला अडखळत, मग एका दमात. “नळ आमच्या दारात आधी आला, कारन विहीर आमच्या वस्तीच्या खाली हाय, पाईप तितनंच वर चढतो. विंजिनेरला इचारा. पर ज्या दिशी नळ बसला त्याच दिशी मी त्याला कुलूप घातलंय. गावात पानी पोचल्याबिगर आमी ते पिनार न्हाय. आतेबाईंसाठी पानी मी अजून कालव्यावरनं आनते, डोक्यावर. या बघाय. कुलूप हाय तितं.” ताईबाई उठल्या आणि जाऊन बघून आल्या. न्हाणीघराच्या भिंतीला लोखंडी तोटी, तिच्याभोवती साखळी, साखळीला गंजत आलेलं कुलूप. बघून आल्यावर त्यांनी उत्तर तिच्याच शब्दांत मनात पक्कं केलं. आता ते न्यायचं कुठं? छापायला जागा नव्हती, मशीन नव्हतं, खिळे वितळून कुणाच्या तरी बॅटरीत गेले असतील. संध्याकाळचं दूध डेअरीला घालायची वेळ झाली होती. साखरबाईचा नवरा किटली घेऊन निघाला तेव्हा ताईबाईही त्याच्यामागं निघाल्या.

उंबरवाडीत संध्याकाळी सगळं गाव कुठं असतं तर डेअरीवर. चिरेबंदी ओट्यावर काटा, पलीकडं दुधाचा नमुना घेणारा पोऱ्या, आणि खाली किटल्या घेऊन माणसं-बायका-पोरं. ताईबाई ओट्याच्या पायरीवर चढल्या, घडी उलगडली आणि सुरुवात केली. पहिल्यांदा कुणाचं लक्षच गेलं नाही. कॅनवर झाकणं आपटत होती. मग एक म्हातारी म्हणाली, “गप ऱ्हावा की रं, ताईबाई वाचत्यात.” हळूहळू आवाज बसत गेला. महिपतराव तिथंच होते, पांढरा शर्ट, हातात मोटारसायकलची किल्ली. ते पुढं आले.

“ताईबाई, पेपर आता तुमचा हाय का? का उगीच निवडणुकीत पडताय म्हातारपनी?”

“न्हाय, माझा न्हाय,” त्या म्हणाल्या. “म्हनून तर मला काल कळलं न्हाय. छापायच्या आधी वाचून दाखवाय पाहिजे व्हतं, ते ऱ्हायलं. ते आता करते.”

“मंग माज्याकडं बी यायचं व्हतं की वाचाय.”

“तुमचं नाव बातमीत न्हाय, महिपतराव. असतं तर आधी तुमच्याकडं आले असते. आले व्हते का न्हाय, ट्रॅक्टरच्या लोनच्या बातमीला?”

मागं कुणीतरी खिदळलं. “तवा दोन वाट्या शिरा खाल्ला व्हता ताईंनी!” “आनि महिपतरावांच्या शिव्या बी!” महिपतरावांच्याही ओठाच्या कोपऱ्यात हसू आलं, ते त्यांनी लगेच आवरलं. “वाचा,” ते म्हणाले. “आडवनार मी कोन?” आणि त्यांनी काट्याजवळ जागा करून दिली. हे ताईबाईंना नंतर कितीदा आठवलं. त्या माणसाची रीत अजून मोडलेली नव्हती. रीत मोडली होती ती पुण्याला, चार वाजता, ज्यांनी उंबरवाडी कधी बघितली नव्हती त्यांच्या हातून, आणि त्यांनाही ती मोडलेली कळली नव्हती.

त्यांनी बातमी पूर्ण वाचली. मग उत्तर, साखरबाईच्या शब्दांत, कुलपासकट. कुणी म्हणालं, विहीर खाली हाय हे तर खरंच. कुणी म्हणालं, कुलूप काय, कालबी घालता येतं. कुणी काहीच न बोलता फॅटची चिठ्ठी खिशात घालून निघून गेलं. जे नंतर आले त्यांच्यासाठी त्यांनी पुन्हा वाचलं, आणि आणखी एकदा. घसा बसला. कोणा एका पोरीनं कॅनच्या झाकणातून पाणी आणून दिलं. मान वर करताना त्यांना दिसलं की डेअरीच्या नाल्यापलीकडं, स्कूटर उभी करून, हेल्मेट हातात घेऊन बुद्धभूषण उभा आहे. मोनालीनं त्याला फोन केला असणार. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. वाचणाऱ्या आईकडं तो असा बघत होता, की त्याच्या तोंडात अजून पदराचं टोक असावं.

परतताना स्कूटरवर मागं बसून त्यांनी त्याच्या खांद्याला धरलं. कोऱ्हाळ्याच्या पुढं, उसाच्या दोन्ही बाजूंच्या भिंतींमधून जाताना तो म्हणाला, “आई, मला वाटलं होतं, नाव गेलं तरी तू घरी येशील. हात बरा होईल.”

“आले की घरी. हात बी बरा हाय.”

“नाना असते तर नसतं विकलं.”

“नाना असते तर त्यांनी मलाच पाठीवलं असतं आज,” त्या म्हणाल्या, आणि त्याच्या पाठीला डोकं टेकलं. “जरा हळू चालव. थंडी वाजती.”

साखरबाई त्या निवडणुकीत पडल्या, थोडक्यात पडल्या. वरच्या आळीनं, जिथली माणसं त्या संध्याकाळी डेअरीवर होती, त्यांना मतं दिली. लांबच्या वस्त्यांवर, जिथं दूध दुसऱ्या गावाला जायचं, तिथं पेपर पोचला होता आणि ताईबाई पोचल्या नव्हत्या. निकालानंतर तीन ओळींचं उत्तर पत्रव्यवहारात आलं, आतल्या पानावर. साखरबाईंनी ते वाचून घेतलं नाही. त्या म्हणाल्या, “पडले, पर मुकी न्हाय पडले.” पुढं त्यांनी भेंडीबरोबर ढोबळी मिरची लावली, महिलांची दूध सोसायटी काढली, आणि पुन्हा कधी निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. महिपतराव सरपंच झाले. वर्षभरात त्यांनी गावात पाणी आणलं, आणि आणल्यावर स्वतः साखरबाईंच्या दारात जाऊन कुलूप काढायला सांगितलं, हेही सांगायला हवं. धोंडाबाई त्याआधीच, त्याच पावसाळ्यात गेल्या. ज्ञानेशनं समूहाची नोकरी सोडली आणि इंदापुरात स्टँडसमोर झेरॉक्स आणि लग्नपत्रिकांचं दुकान टाकलं. पत्रिका छापायच्या आधी तो वधूवरांच्या दोन्ही घरच्यांना मजकूर वाचून दाखवतो म्हणून लोक हसतात, पण गर्दी त्याच्याकडंच असते. ताईबाईंनी दशदिशाला कळवून पाणवठ्याच्या चौकटीतलं ‘संस्थापक’ म्हणून छापलेलं नानांचं नाव काढायला लावलं. लगेच काढलं, खपात त्यानं काही फरक पडला नाही. काही वर्षांनी तो समूह त्याहून मोठ्या समूहाला गेला, आणि नव्या लोकांनी कोणत्या नावाला बाजारात किती किंमत आहे हे बघून पाणवठा बंद करून टाकला. बुद्धभूषण एमआयडीसीतून सेवानिवृत्त होऊन बारामतीतच राहिला, आणि दर रविवारी आईकडं जाणं त्यानं अखेरपर्यंत चुकवलं नाही.

कारण ताईबाई इंदापूरला परत गेल्या होत्या. त्यांनी पेपर घेणं मात्र सोडलं नाही. रोज सकाळी त्या तो शेवटापर्यंत वाचत आणि मग पिशवी घेऊन भाजीला निघत. बाजारात, कचेरीच्या पायरीवर, ज्याच्याबद्दल काही छापून आलं असेल असा कुणी ओळखीचा भेटला, की त्याला थांबवून विचारत, “ते आलंय तुमच्याबद्दल, तुमाला कुणी इचारलं व्हतं का?” माणूस हसायचा. “आता कोन इचारतंय, आजी?” आणि पुढं निघायचा. दोन पावलं जाऊन बहुतेक जण थांबत. मागं वळत. मग सांगायला लागत, आणि ताईबाई हातातली पिशवी खाली ठेवून ऐकत उभ्या राहत.